तारयंत्राचा वारसा आणि टॅब्लेट : सीरियल-यूएसबी ॲडाप्टरचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रांच्या इतिहासात शोधांची नोंद होते, शोधकांची होते, क्वचित त्यांच्यामधील वादांचीही होते. परंतु एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी कसे जोडले गेले, ह्याची नोंद सहसा होत नाही. जोडणी ही दुय्यम बाब समजली जाते. वस्तुतः एखादे साधन किती वर्षे उपयोगात राहील, हे त्याच्या अंगच्या टिकाऊपणाइतकेच त्याच्या जोडणीवर अवलंबून असते. प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉनिक तराजू, सर्वेक्षणाचे टोटल स्टेशन, कारखान्यातील सीएनसी यंत्र, दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणारी यंत्रणा ही साधने नीट सांभाळली तर वीस-पंचवीस वर्षे सहज काम देतात. त्यांच्यासमोर ठेवला जाणारा संगणक मात्र त्या अवधीत तीन-चार वेळा बदलतो. साधन तेच राहते आणि त्याचे म्हणणे ऐकणारा पालटत जातो. अशा स्थितीत दोघांमधील भाषा टिकली नाही तर साधन धडधाकट असूनही मुके होते.

गेल्या दशकात ह्या ऐकणाऱ्याच्या जागी पुष्कळ ठिकाणी टॅब्लेट आला आहे. शेताच्या बांधावर, इमारतीच्या गच्चीवर किंवा कारखान्याच्या अरुंद बोळात संगणक नेण्यापेक्षा हाती धरता येणारी पाटी नेणे सोयीचे, हे उघड आहे. परंतु जुन्या साधनाच्या पाठीमागे असते नऊ पिनांचे सीरियल पोर्ट, आणि टॅब्लेटच्या कडेला असते एकुलते एक यूएसबीचे छिद्र. ह्या दोहोंमध्ये बोटभर लांबीचा एक ॲडाप्टर बसवावा लागतो. बाजारात तो एखाद्या साध्या केबलसारखा विकला जातो आणि ग्राहकही त्याला केबलच समजतो. परंतु तो केबल नव्हे. तो दुभाष्या आहे; आणि ज्या दोन पक्षांमध्ये तो उभा असतो, त्यांच्या बोलण्याच्या रीती केवळ भिन्न नसून परस्परविरोधी आहेत. एक रीत समानांच्या कराराची आहे, दुसरी ओळख आणि अनुज्ञा ह्यांच्यावर उभारलेल्या शासनाची. ह्या विरोधाचा उगम कोठे आहे, दुभाष्याने तो कसा मिटवला, आणि त्या मोबदल्यात साधनांच्या मालकांनी काय गमावले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२. तारयंत्राची देणगी

सीरियल जोडणीचे मूळ संगणकात नाही, तारयंत्रात आहे. एका तारेवरून एका वेळी एकच खूण पाठवता येते. म्हणून अक्षराच्या खुणा एकामागून एक पाठवाव्या लागतात. अनुक्रमाने पाठवणे, हाच ‘सीरियल’ ह्या शब्दाचा अर्थ. मोर्सच्या लिपीत अक्षरांची लांबी कमीजास्त असे. ती कानाने ऐकणाऱ्या माणसाला सोयीची, परंतु यंत्राला अडचणीची होती. फ्रेंच तारखात्यातील एमिल बोदो ह्याने १८७४ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, तिच्यात प्रत्येक अक्षराला बरोबर पाच खुणा होत्या. पाच खुणांतून ३२ जुळण्या होतात, आणि अक्षरे व आकडे ह्यांच्यासाठी एकच जुळणी दोनदा वापरण्याची युक्ती केली की रोमन लिपीचे काम भागते. संदेशवहनाच्या वेगाचे एकक ‘बॉड’ हे ह्याच बोदोच्या नावावरून पडले आहे.

बोदोच्या पद्धतीत दोन्ही टोकांची यंत्रे अखंडपणे एकाच लयीत फिरत राहणे अवश्य होते. लय चुकली की संदेश बिघडे. ह्या अडचणीवर विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत जो तोडगा निघाला, तो पुढील सर्व इतिहासाचा पाया होय. चार्ल्स क्रम आणि त्याचा पुत्र हॉवर्ड क्रम ह्यांनी विकसित केलेल्या टेलिप्रिंटरमध्ये प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘प्रारंभ’ खूण आणि शेवटी एक ‘विराम’ खूण पाठवली जाई. घेणारे यंत्र एरवी स्वस्थ असे. प्रारंभाची खूण येताच ते फिरू लागे, एक अक्षर टिपे आणि विरामापाशी पुन्हा थांबे. त्यामुळे दोन यंत्रांची लय तासन्‌तास जुळण्याची गरज उरली नाही. केवळ एका अक्षरापुरती ती जुळली की पुरे. पुढे आंतरराष्ट्रीय टेलेक्सवर रूढ झालेल्या ५० बॉड वेगाला एक खूण २० सहस्रांश सेकंदांची असते, आणि प्रारंभ, पाच खुणा व दीडपट लांबीचा विराम मिळून एक अक्षर १५० सहस्रांश सेकंदांत जाते.

ह्या व्यवस्थेतील एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तार मोकळी असताना, म्हणजे संदेश नसतानाही, तीत प्रवाह चालू ठेवीत. प्रवाह तुटला की एकतर अक्षर सुरू झाले, किंवा तार तुटली. स्तब्धता आणि बिघाड ह्यांत भेद करण्याची ही युक्ती होती. आजही सीरियल तारेची मोकळी अवस्था ‘एक’ ह्या खुणेची असते आणि अक्षर ‘शून्या’ने सुरू होते. भारतातील सार्वजनिक तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. परंतु तिच्या पिढीने घालून दिलेली प्रारंभ-विरामाची रीत इलेक्ट्रॉनिक तराजूच्या मागील तारेत अद्याप नांदते आहे.

३. आरएस-२३२ : समानांचा करार

संगणकाचा आणि दूरध्वनीचा संबंध आला तेव्हा एक नवे साधन मध्ये उभे राहिले. ते मोडेम होय. एका बाजूला टर्मिनल, दुसऱ्या बाजूला मोडेम, आणि प्रत्येक उत्पादकाची जोडणी वेगळी, अशी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्थिती होती. ती सावरण्यासाठी अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० मध्ये आरएस-२३२ हे मानक प्रसिद्ध केले. त्याची १९६९ ची ‘सी’ आवृत्ती सर्वांत अधिक पसरली. तीत विद्युद्दाबाचे नियम ठरले : उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे ‘एक’, अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ‘शून्य’. वेगाची मर्यादा सेकंदाला २०,००० खुणांची होती, आणि तारेची लांबी सुमारे १५ मीटर. ह्या मर्यादा लवकरच व्यवहारात ओलांडल्या गेल्या, हा भाग वेगळा.

मानकाने जेवढे ठरवले, त्यापेक्षा जे ठरवले नाही ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. तारेवरून कोणती भाषा बोलावी, अक्षरात सात खुणा असाव्यात की आठ, शुद्धतेची पडताळणी करणारी पॅरिटीची खूण असावी की नसावी, वेग कोणता, ह्यांपैकी कशाचाही निर्णय मानकाने केला नाही. तो दोन पक्षांनी आपापसांत करावयाचा होता. ९६०० बॉड, आठ खुणा, पॅरिटी नाही, एक विराम, एवढे दोन्ही टोकांना सारखे ठेवले की संभाषण सुरू होई. कोणी कोणाला नाव विचारीत नसे. तिसऱ्या कोणाची अनुज्ञा लागत नसे. किमान सोय तीन तारांवर भागे : एक देण्याची, एक घेण्याची, एक सामाईक. ह्यामुळेच ही जोडणी ज्या उपकरणांच्या कल्पनेतही नव्हती, त्यांच्यापर्यंत पोचली. १९८१ च्या आयबीएम पीसीने तिला घराघरांत नेले. १९८४ च्या पीसी-एटीने तिचे २५ पिनांचे पोर्ट ९ पिनांवर आणले. १९८३ मध्ये निघालेल्या एनएमईए ०१८३ ह्या मानकाने जहाजावरील उपकरणांना ४८०० बॉडच्या सीरियल तारेवर बोलावयास लावले, आणि पुढे उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या जीपीएस यंत्रांनी तीच बोली उचलली.

ह्या स्वातंत्र्याचा दोषही तेवढाच मोठा होता. करार मनात ठेवण्याचा असल्यामुळे तो विसरला जाई. देणारी तार कोणत्या पिनेवर आणि घेणारी कोणत्या पिनेवर, ह्याचा घोळ रूढच होता. २५ पिनांच्या पोर्टवर संगणक दुसऱ्या पिनेवरून देतो आणि तिसऱ्या पिनेवर घेतो, तर ९ पिनांच्या पोर्टवर नेमके उलट. तारा उलटसुलट जोडणारी ‘नल मोडेम’ नावाची केबल ह्या घोळातून जन्मली.

सात खुणा की आठ, हा प्रश्न तर भारतीय भाषांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा होता. रोमन लिपीच्या आस्की संकेताला सात खुणा पुरतात. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये मानक ठरलेल्या इस्की संकेतात मात्र रोमन अक्षरे खालच्या अर्ध्या भागात आणि देवनागरी व इतर लिपी वरच्या अर्ध्या भागात ठेवलेल्या आहेत. वरच्या भागाची ओळख आठव्या खुणेनेच होते. म्हणून सात खुणा आणि पॅरिटी अशा रचनेच्या तारेवरून इस्कीतील मराठी मजकूर गेला तर आठवी खूण गळून पडे आणि प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह उमटे. यंत्रात दोष नसे, तारेत नसे. दोष असे न जुळलेल्या करारात. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यामुळे ९६०० बॉडच्या तारेवरून सेकंदाला ९६० रोमन अक्षरे जातात, तर देवनागरीची चिन्हे ३२० जातात.

४. यूएसबी : ओळखीवर आधारलेले शासन

१९९० नंतरच्या दशकात संगणकाच्या पाठीमागे छिद्रांची गर्दी झाली होती. कळफलकाचे एक, छपाईयंत्राचे दुसरे, माउसचे तिसरे, आणि दोन सीरियल पोर्ट. नवे उपकरण जोडावयाचे तर संगणकाच्या अंतर्गत रचनेची माहिती हवी. ह्या जंजाळातून सामान्य माणसाला सोडवावे, ह्या हेतूने कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्दर्न टेलिकॉम ह्या सात कंपन्यांनी मिळून यूएसबीची उभारणी केली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटेलमध्ये ह्या कार्याचे नेतृत्व करणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत.

यूएसबीही सीरियलच आहे, हे विसरता कामा नये. तिच्या नावातील मधले अक्षर तेच सांगते. खुणा तीतही एकामागून एक जातात. भेद आहे तो संभाषणाच्या व्यवस्थेत. यूएसबीत एकच होस्ट, म्हणजे यजमान असतो, आणि बाकी सारी उपकरणे त्याच्या अधीन असतात. यजमानाने विचारल्यावाचून उपकरणाला बोलता येत नाही. एका यजमानाखाली कमाल १२७ उपकरणे राहू शकतात आणि प्रत्येकाला पत्ता देण्याचा अधिकार यजमानाचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जोडले जाताच उपकरणाला आपली ओळख सांगावी लागते : उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि आपला वर्ग. उत्पादकाचे क्रमांक यूएसबीची व्यवस्था पाहणारी संस्था शुल्क घेऊन देते. यजमान त्या ओळखीवरून योग्य तो ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारा कार्यक्रम शोधतो. तो सापडला तर उपकरण कामास लागते. न सापडला तर विजेचा पुरवठा चालू असूनही ते यजमानाच्या लेखी अनोळखी राहते.

सामान्य वापरकर्त्याला ह्या व्यवस्थेने मोठेच सुख दिले. वेग, खुणा, पॅरिटी ह्यांची चिंता संपली. परंतु समानांच्या कराराची जागा ह्या क्षणी ओळखपत्राने घेतली. १९९८ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या आयमॅकने जुनी सीरियल जोडणी समूळ टाकून दिली, आणि पुढील दहा वर्षांत बहुतेक लॅपटॉपांनी तोच मार्ग धरला. साधनांच्या पाठीमागील नऊ पिना मात्र जेथल्या तेथे राहिल्या. दुभाष्याची गरज येथे उत्पन्न झाली.

५. दुभाष्याचे कार्य आणि त्याची सत्ता

ॲडाप्टरच्या पोटात मुख्यतः दोन कामे होतात. पहिले काम विद्युद्दाबाचे. यूएसबी ५ व्होल्ट पुरवते. आरएस-२३२ ला अधिक-उणे असे दोन्ही दाब हवेत. १९८७ मध्ये मॅक्सिम कंपनीने आणलेल्या मॅक्स-२३२ ह्या चिपने केवळ ५ व्होल्टांपासून, काही लहान कपॅसिटरांच्या साहाय्याने, दोन्ही दिशांचे दाब निर्माण करण्याची सोय केली. त्याच धर्तीची मंडले आज ॲडाप्टरात असतात. जे स्वस्त ॲडाप्टर हे काम न करता चिपचे ३.३ किंवा ५ व्होल्टांचे संकेत तसेच बाहेर काढतात, ते विकासकांच्या मंडलांसाठी ठीक. परंतु त्यांना खऱ्या आरएस-२३२ साधनाशी जोडले तर खुणांचा अर्थ उलटतो आणि चिप जळण्याचा संभव असतो. दोन्ही प्रकारांना बोलीभाषेत ‘यूएसबी-सीरियल’ असेच म्हणतात, ही नावाच्या सैलपणाने होणारी हानी होय.

दुसरे काम भाषांतराचे, आणि ते अधिक नाजूक आहे. सीरियल साधन मनास येईल तेव्हा अक्षर पाठवते. यूएसबी उपकरणाला विचारल्याखेरीज बोलता येत नाही. म्हणून चिप आलेली अक्षरे साठवून ठेवते आणि यजमानाने विचारले की गठ्ठ्याने देते. एफटीडीआय ह्या स्कॉटलंडमधील कंपनीच्या प्रसिद्ध चिपेत ६४ बाइटांच्या गठ्ठ्यातील पहिले दोन बाइट तारेची अवस्था सांगतात आणि उरलेल्या ६२ मध्ये मजकूर असतो. गठ्ठा भरला नाही तर चिप ठरावीक काळ वाट पाहते. तो काळ मूळ मांडणीत १६ सहस्रांश सेकंद असतो. एक प्रश्न, एक लहानसे उत्तर, अशा रीतीने चालणाऱ्या साधनाला त्यामुळे सेकंदाला साठाच्या आसपासच फेऱ्या करता येतात, मग तारेचा वेग कितीही असो. यूएसबीचा मार्ग सेकंदाला १ कोटी २० लक्ष खुणांचा असूनही संभाषण मंद का, ह्या नित्याच्या तक्रारीचे उत्तर येथे आहे. दुभाष्या वाक्य पुरे होण्याची वाट पाहतो.

वेग ठरवण्याची रीतही दुभाष्यागणिक निराळी. पीसीच्या जुन्या सीरियल पोर्टला ९६०० बॉड हवे तर १,१५,२०० ला १२ ने भागावयाचे, हे सर्वांना ठाऊक होते. एफटीडीआयच्या चिपेत भाज्य ३० लक्ष आहे, आणि ९६०० साठी भाजक ३१२.५ येतो, म्हणून अपूर्णांक कळवण्याची वेगळी सोय तीत ठेवावी लागली. प्रॉलिफिक, सिलिकॉन लॅब्ज, डब्ल्यूसीएच ह्या कंपन्यांच्या चिपांचे आज्ञासंकेत पुन्हा वेगळे. ह्यावर उपाय नव्हता असे नाही. यूएसबीच्या कर्त्यांनी १९९९ मध्ये संदेशवहनाच्या उपकरणांसाठी सीडीसी नावाचा सामाईक वर्ग प्रसिद्ध केला होता. त्यात वेग, विराम, पॅरिटी आणि खुणांची संख्या अवघ्या सात बाइटांत कळवण्याची सर्वमान्य रीत होती. परंतु प्रमुख चिपांनी आपापली खासगी रीत पत्करली, आणि विंडोजनेही ह्या वर्गाला वेगळ्या फाइलवाचून ओळखण्याचे २०१५ च्या विंडोज १० पर्यंत टाळले. परिणाम असा झाला की एका टोकाला सर्वांना खुले असलेले १९६० चे मानक, दुसऱ्या टोकाला सर्वांना खुले असलेले १९९६ चे मानक, आणि मधल्या बोटभर जागेत मात्र खासगी भाषा.

ह्या खासगीपणातून कोणती सत्ता उत्पन्न होते, हे २०१४ च्या ऑक्टोबरात दिसून आले. एफटीडीआयच्या चिपेच्या नकली प्रती बाजारात पुष्कळ पसरल्या होत्या. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या स्वयंचलित अद्ययावतीकरणातून लोकांच्या संगणकांत पोचला, आणि त्याने नकली चिपेतील उत्पादनाचा क्रमांक पुसून तेथे शून्य लिहिले. चिप जळली नाही. तिची ओळख गेली. ओळख चिपेतच पुसली गेल्यामुळे दुसऱ्या संगणकावर नेऊनही ती ओळखली जाईना. मोठा क्षोभ झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. नकलेविरुद्ध कंपनीची तक्रार न्याय्यच होती, ह्यात शंका नाही. परंतु दंड झाला तो नक्कल करणाऱ्याला नव्हे, तर ज्याला आपल्या साधनात कोणती चिप आहे हेही ठाऊक नव्हते अशा वापरकर्त्याला. सीरियल तारेच्या पूर्वेतिहासात असा प्रसंग संभवतच नव्हता, कारण पुसता येईल अशी ओळखच तेथे नव्हती.

६. टॅब्लेटचा प्रवेश

टॅब्लेट आला तेव्हा आणखी एक विसंगती पुढे आली. यूएसबीच्या मूळ कल्पनेत संगणक यजमान आणि हातातले उपकरण अधीन. टॅब्लेट जन्मला तो अधीनाच्या वेशात : संगणकाला जोडून घेणारा, त्याच्याकडून वीज घेणारा. परंतु ॲडाप्टर जोडावयाचा तर टॅब्लेटने यजमान व्हावयास हवे. ह्या दुहेरी भूमिकेची तरतूद २००१ च्या ‘ऑन-द-गो’ ह्या पुरवणी मानकाने केली होती. लहान यूएसबी जोडात एक पाचवी पिन असते. ती केबलमध्ये जमिनीच्या तारेला जोडलेली असली की त्या बाजूचे यंत्र आपणास यजमान समजते. बाजारात ‘ओटीजी केबल’ म्हणून जी मिळते, तिचे सारे रहस्य ह्या एका जोडणीत आहे. २०१४ मध्ये आलेल्या टाइप-सी जोडात हेच काम दुसऱ्या पिनांवरील रोधक करतात.

यंत्रणेने यजमान होणे निराळे आणि कार्यप्रणालीने त्या पदाचा अधिकार वापरू देणे निराळे. अँड्रॉइडमध्ये हा अधिकार २०११ च्या मे महिन्यात, ३.१ ह्या आवृत्तीत, ॲप लिहिणाऱ्यांना मिळाला. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये ह्या सर्व चिपांचे ड्रायव्हर फार पूर्वीपासून आहेत. तेथे ॲडाप्टर जोडला की ‘टीटीवाय-यूएसबी’ अशा नावाचे पोर्ट उत्पन्न होते. ह्यातील ‘टीटीवाय’ हा टेलिटाइप ह्या शब्दाचा संक्षेप होय. क्रम पितापुत्रांच्या यंत्राचे नाव अशा रीतीने टॅब्लेटच्या पोटापर्यंत पोचले आहे. परंतु पुष्कळ टॅब्लेटांच्या लिनक्समध्ये हे ड्रायव्हर घातलेलेच नसतात. आणि घातले असले तरी सामान्य ॲपला ते पोर्ट उघडण्याची अनुज्ञा नसते.

ह्या अडथळ्यावर विकासकांनी जो मार्ग काढला, तो ह्या इतिहासातील सर्वांत उल्लेखनीय भाग म्हणावा लागेल. कार्यप्रणाली ड्रायव्हर देत नसेल तर ॲपनेच ड्रायव्हर व्हावयाचे, असा तो मार्ग. ॲप यूएसबीच्या उपकरणाचे क्रमांक वाचते, चिप कोणत्या घराण्याची हे त्यावरून ओळखते, वापरकर्त्याकडून एका प्रश्नाद्वारे संमती घेते, आणि मग त्या चिपेच्या भाषेत वेगाच्या व पॅरिटीच्या आज्ञा स्वतः पाठवते. अशा रीतीने जावा भाषेत लिहिलेले, कोणालाही वापरण्यास मुक्त असलेले कार्यक्रमसंच तयार झाले, आणि तराजू, जीपीएस, नेटवर्कच्या स्विचांची कन्सोल पोर्टे टॅब्लेटशी बोलू लागली. हे शक्य झाले, कारण लिनक्सच्या स्वयंसेवकांनी खासगी आज्ञासंकेत आधीच, पुष्कळदा केवळ निरीक्षणाने, उलगडून लिहून ठेवले होते. दुभाष्याची भाषा ज्यांनी उघडी केली, त्यांच्या श्रमावर नंतरच्या पिढीचे संभाषण उभे राहिले.

आयपॅडची वाट निराळी होती. एप्रिल २०१० मध्ये विक्रीस आलेल्या ह्या टॅब्लेटला सर्वसाधारण यूएसबी यजमानाचे काम करण्याची मुभा नव्हती. त्याला जोडावयाचे उपकरण ॲपलच्या परवाना-योजनेतून यावे लागे आणि त्यात ओळख पटवणारी चिप बसवावी लागे. २०१८ मध्ये आयपॅड प्रोला टाइप-सी जोड मिळाला. आणि उत्पादकांना आपले यूएसबी ड्रायव्हर लिहिण्याची सोय २०२२ च्या आयपॅडओएस १६ मध्ये, तीही एम-१ व त्यानंतरच्या चिपांवर, झाली. छिद्र तेच असले तरी त्यातून कोण आत येऊ शकेल हे छिद्राच्या आकारावर ठरत नाही, हे ह्या दोन उदाहरणांच्या तुलनेने स्पष्ट होते.

शेवटी विजेचा प्रश्न. यजमानाने ॲडाप्टरला वीज द्यावयाची असते, आणि टॅब्लेटजवळ ती बॅटरीत मोजकी असते. साध्या ओटीजी केबलने एकुलते छिद्र व्यापले की त्याच वेळी टॅब्लेट चार्ज होत नाही. दिवसभर चालणाऱ्या नोंदींसाठी ही मोठीच अडचण होती. टाइप-सीच्या काळात वीज आत घेणारे आणि उपकरणे बाहेर जोडणारे हब निघाले, त्यामुळे ती बरीच कमी झाली. तथापि असा हब सर्वच टॅब्लेटांवर सारखा चालतो असे नाही, हे प्रयोगाची आखणी करणाऱ्याने आधी पाहून घेणे इष्ट.

७. समारोप

वरील विवेचनातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे. आरएस-२३२ दीर्घायुषी ठरले ते त्याच्या तांत्रिक श्रेष्ठत्वामुळे नव्हे. वेगात ते मागे, दाबांच्या बाबतीत अवजड आणि पिनांच्या बाबतीत गोंधळाचे आहे. ते टिकले, कारण त्याने संभाषणासाठी कोणाचीही ओळख मागितली नाही. दोन टोकांचा करार जोवर माहीत आहे, तोवर १९७५ चे साधन आजही बोलू शकते. यूएसबीने सामान्य माणसाचा ताप कमी केला, ह्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे; परंतु त्याबरोबर संभाषणाचा अधिकार साधनाच्या मालकाकडून ओळख ठरवणाऱ्याकडे गेला. ॲडाप्टरचा इतिहास हा ह्या स्थलांतराचा इतिहास आहे, आणि टॅब्लेटने ते स्थलांतर आणखी एक पायरी पुढे नेले. कारण आता चिपेच्या उत्पादकाबरोबर कार्यप्रणालीच्या उत्पादकाचीही संमती लागते.

विद्यापीठीय प्रयोगशाळांच्या दृष्टीने हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. एकाच साधनाने दीर्घकाळ घेतलेल्या नोंदींचे मोल त्यांच्या सातत्यात असते. साधन बदलले की मापनाची जात बदलते, आणि जुन्या-नव्या नोंदींची तुलना संशयास्पद होते. असे साधन त्याच्या अंगच्या दोषाने निकामी झाले तर इलाज नाही. परंतु मधला दुभाष्या ओळखला जात नाही एवढ्याच कारणास्तव ते अडगळीत जावे, ही हानी टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी फार मोठ्या खटाटोपाची गरज नाही. साधनाचा वेग, खुणा, पॅरिटी आणि आज्ञांची यादी त्याच्या माहितीपुस्तकातून उतरून साधनासोबतच ठेवावी. ॲडाप्टर घेताना त्यातील चिप कोणती हे विचारावे. शक्य तेथे सीडीसीच्या सामाईक वर्गाचा अवलंब करणारा घ्यावा. चालू स्थितीतील जोडणीचे सर्व घटक, ॲपच्या आवृत्तीसह, नोंदवहीत लिहून ठेवावेत.

बोदोच्या यंत्रावर काम करणाऱ्या तारमास्तराला लय पाठ असे. ती त्याच्या बोटांत होती. प्रारंभ-विरामाच्या युक्तीने ती बोटांतून यंत्रात गेली, आरएस-२३२ ने ती लेखी करारात आणली, आणि यूएसबीने ती चिपेच्या पोटात बंद केली. प्रत्येक टप्प्याला माणसाचे श्रम घटले आणि प्रत्येक टप्प्याला करार त्याच्या दृष्टीआड अधिक गेला. तो पुन्हा दृष्टीसमोर आणणे, निदान आपल्या टेबलावरील साधनापुरता तरी तो लिहून ठेवणे, हे त्या साधनावर विसंबणाऱ्या अभ्यासकाचेच काम होय.